सुरिनाम : एक विवाह-कायदा आणि राहून गेलेल्या मान्यता

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरची जुनी डच वसाहत असलेल्या सुरिनामच्या स्वातंत्र्याला 25 नोव्हेंबर 2025 रोजी 50 वर्षे पूर्ण झाली. या देशाविषयी कुठेही काही छापून आले की सोबत एक छायाचित्र हमखास असते: राजधानी पारामारिबोतल्या कायझरस्ट्राट या रस्त्यावर शेजारी शेजारी उभी असलेली मशीद आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. छायाचित्र खरे आहे आणि त्या शेजाराचा तिथल्या लोकांना वाटणारा अभिमानही खरा आहे. मात्र त्यावरून वाचकाचा असा समज होतो की, इथले सगळे समाज आपापला धर्म घेऊन आले आणि गुण्यागोविंदाने राहू लागले. प्रत्यक्षात कोणाचा धर्म कायद्याने मानायचा, कोणाचा नुसता चालू द्यायचा आणि कोणाचा गुन्हा ठरवायचा, हे वसाहतीच्या सरकारने वेगवेगळ्या वेळी ठरवले. आजच्या सुरिनामचे राजकारण त्या निर्णयांवर उभे आहे.

जुना काळ थोडक्यात. 1667 मध्ये डचांनी ही वसाहत इंग्रजांकडून घेतली. उसाचे, पुढे कॉफी-कापसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालले. मळेवाल्यांमध्ये सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालचे, ज्यूही होते. सुरिनाम नदीकाठच्या योडेन्सावान या त्यांच्या वस्तीत 1685 मध्ये सिनेगॉग उभे राहिले, आणि 2023 मध्ये या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मळ्यांवरून पळालेल्या गुलामांनी जंगलात स्वतःची गावे वसवली आणि इतकी चिवट लढाई दिली की, डचांना त्यांच्याशी तह करावे लागले: 1760 मध्ये न्द्युकांशी, 1762 मध्ये सारामाकांशी, 1767 मध्ये मातावाईंशी. हेच आजचे मरून. मूळनिवासी आधीपासून होतेच. या तहांकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

1 जुलै 1863 रोजी गुलामगिरी संपली. सरकारने भरपाई दिली ती मालकांना, दर गुलामामागे 300 गिल्डर (डच चलन). मुक्त झालेल्यांना आणखी 10 वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करणे भाग होते. ती मुदत 1873 मध्ये संपत असतानाच, 5 जूनला, कलकत्त्याहून निघालेले ‘लालारूख’ जहाज पारामारिबोला लागले. 1916 पर्यंत 34,304 कंत्राटी मजूर हिंदुस्थानातून तिथे गेले. त्यांतले बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातले होते. कंत्राट 5 वर्षांचे, रोजाचे काम पुरे केले तर पुरुषाला 60 सेंट आणि बाईला 40 सेंट, कामात कसूर झाली तर फौजदारी शिक्षा. सुमारे एक तृतीयांश लोक परतले. उरलेल्यांनी परतीच्या प्रवासाचा हक्क सोडून जमिनी घेतल्या. 1895 पासून त्यासाठी 100 गिल्डरही मिळत.

मराठी मुलखातून या जहाजांवर फारसे कोणी गेले नाही. आपला संबंध येतो तो ही पद्धत थांबवण्यात. मार्च 1912 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कंत्राटी मजुरीची भरती बंद करण्याचा ठराव मुंबई इलाख्याच्या एका नेमस्त सभासदाने मांडला होता. सरकारी मतांनी तो पडला, पण पुढे काही वर्षांतच भरती थांबवावी लागली. मळेवाल्यांजवळ तोवर दुसरी सोय होती. 1890 ते 1939 या काळात त्यांनी डच ताब्यातल्या जावातून सुमारे 33,000 मजूर आणले. हे लोक मुसलमान होते आणि जावात असताना पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढत. सुरिनाममधून मक्का पूर्वेला येते, तरी पुष्कळांनी पश्चिम सोडली नाही. पश्चिमवाले आणि पूर्ववाले हा वाद त्यांच्या मशिदींत पुढे अनेक दशके चालला.

आता ज्या निर्णयासाठी हे टिपण लिहितो आहे, त्याकडे येतो. पंडिताने अग्नीसमोर लावलेले लग्न किंवा मौलवीने पढवलेला निकाह डच कायद्याच्या लेखी लग्नच नव्हते. कचेरीत जाऊन डच रीतीने नोंद झाली तरच लग्न. शेतात राबणारी, डच न येणारी माणसे तिथे जात नसत. आपल्या लेखी आपले लग्न बिरादरीसमोर झालेले आहे, तर पुन्हा कचेरीत कशाला, असेही त्यांना वाटे. परिणाम असा की, घरोघरची मुले कागदावर अनौरस ठरली. बाप मेल्यावर जमीन कोणाची, हा प्रश्न जमीनजुमला वाढला तसा बिकट होत गेला. हिंदूंमध्ये 1930 च्या सुमारास सनातनी आणि आर्यसमाजी अशा वेगळ्या संघटना झाल्या होत्या, मुसलमानांतही अहमदिया विचारावरून फूट पडत होती. पण लग्नाला मान्यता हवी, यावर सगळ्यांचे एकमत होते.

1933 मध्ये आलेल्या गव्हर्नराने आपली उमेदीची नोकरी डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, केली होती. प्रत्येक समाजाला त्याच्या रूढीप्रमाणे वागू द्यावे, ही तिथली पद्धत त्याने सोबत आणली. जावानी लोकांसाठी जावातल्यासारखी खेडी वसवण्याचा बेत त्यातूनच निघाला आणि आशियाई विवाहाचा मसुदाही. सरकारमान्य पंडिताने किंवा मौलवीने लावलेले लग्न थेट कायदेशीर, घटस्फोटाच्या अटी वेगळ्या, आणि लग्नाचे किमान वय मुलासाठी 15, मुलीसाठी 13.

वसाहतीच्या सभागृहाने याला विरोध केला. मतदानाचा हक्क पैसा आणि शिक्षण यांवर बेतलेला असल्याने सभागृहात शहरी क्रिओल (मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज) आणि गोऱ्या वर्गाचे वर्चस्व होते. त्यांचे म्हणणे होते: एक भाषा, एक कायदा, एक समाज हे आजवरचे धोरण आहे, आता धर्मागणिक कायदा केलात तर इथे एक लोक कधीच तयार होणार नाहीत. हा युक्तिवाद निव्वळ द्वेषाचा होता असे मला वाटत नाही. आपली आफ्रिकी मुळे छाटून, डच भाषा आणि चर्च स्वीकारून क्रिओल मध्यमवर्ग वर आला होता. जी किंमत आपल्याकडून वसूल केली ती दुसऱ्यांना माफ होते आहे, हे त्याला दिसत होते. शिवाय लग्नाची नोंद न करता संसार करणारी असंख्य जोडपी क्रिओल समाजातही होती. त्यांची मुले अनौरसच राहिली. त्यांच्यासाठी कोणी मसुदा आणला नाही.

मे 1940 मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले, डच सरकार लंडनला गेले. गव्हर्नराने सभागृहाला बाजूला सारून, वटहुकूमाने, विवाहाचे नियम लागू केले. 1941 पासून ते अमलात आले. हिंदू-मुसलमान घरांत याचा आनंद झाला आणि तो योग्यच होता: लाखमोलाची गोष्ट म्हणजे मुलांना बापाचे नाव आणि वारसा मिळाला. पण वयाची अट मुलींच्या मुळावर आली. 13 वर्षांची मुलगी विवाहयोग्य मानणारा हा कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकला. 1973 मध्ये मंजूर झालेला सुधारित विवाह कायदा अमलात यायला 2003 उजाडले. तीस वर्षे तो लांबला, कारण धर्मनेत्यांना दुखवायची कोणत्याच पक्षाची तयारी नव्हती. मान्यतेचा कायदा चांगला की वाईट, असे मला विचाराल तर मान्यता रास्त होती. ती मिळवताना मुलींना कोणीच विचारले नाही, हा त्यातला दोष.

दुसरा अन्याय याहून मोठा. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा धर्म विंती: पूर्वजांची, नदीची, जंगलाची दैवते, अंगात येणे, औषधी पाने. 1874 पासून विंतीचे विधी मूर्तिपूजेचा गुन्हा म्हणून दंडविधानात होते. पंडित आणि मौलवी 1941 मध्ये सरकारमान्य झाले. विंतीवरची बंदी उठली 1971 मध्ये. मधली 30 वर्षे एकाच शहरात एकाच्या पुरोहिताला सरकारी शिक्का होता आणि दुसऱ्याच्या विधींना शिक्षा होती. 2012 च्या जनगणनेत 1.8 टक्के लोकांनीच आपला धर्म विंती असा नोंदवला आणि 48.4 टक्क्यांनी ख्रिस्ती. त्या ख्रिस्ती आकड्याआड किती घरांत विंती जिवंत आहे, हे जनगणनेच्या रकान्यांतून कळत नाही.

1949 मध्ये सार्वत्रिक मतदानाने पहिली निवडणूक झाली आणि पक्ष जातवारच बनले: क्रिओलांचा, हिंदुस्तान्यांचा (म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांच्या वंशजांचा), जावान्यांचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून क्रिओल आणि हिंदुस्तानी नेत्यांनी एकत्र सत्ता चालवली. तो सलोखा वरच्या पातळीवरचा होता खरा, पण शेजारच्या ब्रिटिश गियानात 1960 च्या दशकात जे रक्त सांडले ते इथे सांडले नाही, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. 1973 च्या निवडणुकीत हिंदुस्तानी पक्ष सत्तेबाहेर राहिला. फेब्रुवारी 1974 मध्ये नव्या सरकारने 1975 संपण्याआधी स्वातंत्र्य घेण्याचे जाहीर केले, तेव्हा क्रिओल राज्याखाली आपले काय होईल या धास्तीने हजारो कुटुंबे नेदरलँड्सला निघाली. निघणारे सगळे हिंदुस्तानी नव्हते, क्रिओल आणि जावानीही होते. हेगमधला मोठा सुरिनामी हिंदुस्तानी समाज त्यातून उभा राहिला.

पुढचा काळ रक्तरंजित. 25 फेब्रुवारी 1980 रोजी लष्करातल्या सार्जंटांनी सत्ता घेतली, 8 डिसेंबर 1982 रोजी राजवटीचे 15 विरोधक मारले गेले. 1986 मध्ये मरून बंडखोर आणि लष्कर यांच्यात युद्ध पेटले आणि 29 नोव्हेंबरला मोइवाना या न्द्युका गावात लष्कराने किमान 39 जणांना ठार केले, त्यांत मुले आणि बाया होत्या. हजारो मरून फ्रेंच गयानात पळाले, नंतर बरेचसे राजधानीच्या आसपास येऊन राहिले. 2004 मध्ये लोकसंख्येत मरून 14.7 टक्के होते, 2012 मध्ये 21.7. हिंदुस्तानी 27.4 टक्क्यांवर स्थिर राहिले, क्रिओल 15.7 वर आले. मरूनांना डावलून सरकार बनवणे त्यानंतर अवघड झाले.

मंत्रिपदे मिळाली, जमीन मात्र मिळालेली नाही. अठराव्या शतकातले तह मरूनांच्या लेखी आजही पवित्र करार आहेत. सरकारच्या लेखी जंगल सरकारी मालकीचे आणि सोन्याच्या किंवा लाकडाच्या कंपनीला देता येण्याजोगे. 28 नोव्हेंबर 2007 रोजी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने सारामाकांच्या बाजूने निकाल दिला: त्यांच्या प्रदेशाची हद्द आखा, सामूहिक मालकी कायद्यात आणा, त्यांच्या संमतीवाचून मोठे प्रकल्प नकोत. त्यानंतर अनेक सरकारे आली. 2020 मध्ये हिंदुस्तानी वंशाच्या राष्ट्राध्यक्षाने संस्कृत मंत्र म्हणत शपथ घेतली, त्याचे भारतात कौतुक झाले. त्याच कारकिर्दीत, मे 2023 मध्ये, पिकिन सारोन या गावी जमिनीच्या वादातून उसळलेल्या उद्रेकात पोलिसांच्या गोळीबाराने दोन मूळनिवासी मारले गेले. सामूहिक हक्कांचा कायदा 2025 च्या निवडणुकीपर्यंत संमत झाला नव्हता.