व्हेप जळका लागतो तेव्हा आत काय घडतं?

चव जळकी येते. खालून गळतं. वाफ निघत नाही, नुसता दिवा लुकलुकतो. चार्जिंगला लावलं की हातात धरवत नाही इतकं तापतं. ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळला काय, कॉलेजची मुलं व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, एकमेकांत बोलताना ज्या तक्रारी करतात त्या फिरून फिरून याच. त्यावरचे उपायही तोंडी फिरत असतात: उलटी फुंकर मार, झटक, चार वेळा जोरात ओढ, दुसरा चार्जर लावून बघ. मी पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. हल्ली पालकांकडूनही येतात.

या वस्तूला सर्व्हिस सेंटर नाही, कारण ती आपल्याकडे विकायलाच बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळं त्यात आलं. विकताना पहिल्यांदा सापडलं तर १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी माल येतो, आणि चोरवाटेने येत असल्यामुळे आत काय भरलंय हे तपासणारं कुणी नसतं. तो दुरुस्त कसा करायचा हे मी इथे सांगणार नाही. बिघाड म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगणार आहे. मिक्सर किंवा इस्त्री बिघडली की बहुधा बंद पडते. व्हेप बिघडला तरी चालू राहतो, आणि बिघाडातून तयार झालेला माल थेट फुप्फुसात जातो.

ठाणे स्टेशनजवळ माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एका आईने मुलाच्या दप्तरात सापडलेली, हायलायटरसारखी दिसणारी नळी त्याच्याकडे आणून दिली. "हे पेन नाही ना?" एवढंच त्या विचारत होत्या. हातमोजे घालून, शटर वर करून, पंखा लावून आम्ही ती उघडली. आत एक करडा लिथियम-आयन सेल, त्याला झाळलेल्या लाल-काळ्या वायरी, तळाशी छोटा गोल सेन्सर, आणि गोडसर वासाच्या चिकट द्रवात भिजलेला बोळा. बोळ्याच्या मधून एक नळी गेलेली, तिच्यात कापसाच्या वातीवर गुंडाळलेलं तारेचं बारीक वेटोळं. वात टोकांना चहाच्या रंगाची होती. मधोमध, तारेखाली, ती चक्क कोळसा झाली होती. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध १.२ ओहम आला आणि सेलचा दाब ३.६ व्होल्ट. म्हणजे ओढत असताना साधारण ११ वॅट. ऐकायला कमी वाटतात. पण ते सगळे ११ वॅट केसासारख्या बारीक तारेच्या काही मिलिमीटरमध्ये उतरतात.

आता जळक्या चवीकडे येऊ. सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याबद्दल असतात, आणि शिकण्यासारखंही सर्वांत जास्त इथेच आहे.

व्हेपमधला द्रव, ज्याला मुलं 'ज्यूस' म्हणतात, तो मुख्यतः दोन पदार्थांचा असतो: प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिला १८८ अंश सेल्सिअसला उकळतो, दुसरा २९० अंशांना. त्यात निकोटिन, स्वाद आणि बहुतेक वेळा गोडी आणणारं काहीतरी मिसळलेलं असतं. वात ओली असेपर्यंत तारेतली उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास अडून राहतं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी असेपर्यंत पातेलं करपत नाही, तसंच हे. पाणी आटलं की काय होतं ते आपण सगळे जाणतो. वात कोरडी पडली की तार बघता बघता ३०० अंशांच्या पुढे जाते. कापूस करपतो, आणि उरलेल्या द्रवाचे रेणू वाफ होण्याऐवजी तुटायला लागतात.

ग्लिसरीन तुटलं की अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईत तेल धुरावलं की डोळ्यांतून पाणी येतं आणि घरभर ठसका लागतो, त्यात हाच रेणू असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉलपासून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड मिळतात. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

वात कोरडी पडण्याची कारणं साधी आहेत. ज्यूस संपत आलेला असतो. किंवा लागोपाठ इतके पफ मारलेले असतात की वातीला द्रव शोषून घ्यायला वेळच मिळत नाही. किंवा गोडी आणणारे पदार्थ तारेवर करपून काळं कवच धरलेलं असतं, त्यामुळे द्रव तारेपर्यंत पोचत नाही. अशा वेळी 'जोरात ओढ' हा सल्ला मिळतो, आणि जोरात, लांबवर ओढलं की तार आणखी वेळ तापत राहते. रिफिल करता येणाऱ्या यंत्रांत व्होल्टेज वाढवायची सोय असते. तिने चव तात्पुरती 'सुधारते', कारण वाफ वाढते. पण वातीचा शोषण्याचा वेग आहे तेवढाच राहतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हे मोजून बघितलं होतं. ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइडयुक्त संयुगं सापडली नाहीत. ५ व्होल्टवर भरपूर सापडली. त्यावर दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला: ५ व्होल्टवर त्या यंत्राची चव इतकी जहाल होते की खरा माणूस तसा झुरका घेणारच नाही. आक्षेप रास्त होता. पण त्याचा अर्थ काय होतो तो बघा. स्वस्त, वापरून फेकायच्या व्हेपमध्ये तापमान मोजणारा भाग बहुधा नसतो. जळतंय हे ओळखणारा सेन्सर एकच, तो म्हणजे ओढणाऱ्याचा घसा. आणि घशाला कळतं तेव्हा तो झुरका आत गेलेला असतो.

हा सेन्सर बोथट करायची व्यवस्थाही ज्यूसमध्येच असते. 'आइस', 'मिंट', 'कूल' अशी नावं असलेल्या स्वादांत मेंथॉल किंवा तसे गारवा देणारे पदार्थ असतात. मेंथॉलमुळे अ‍ॅक्रोलीनसारख्या झोंबणाऱ्या रसायनांना श्वासमार्ग कमी प्रतिसाद देतो, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. मुलं सांगतात, 'मला तर कधी जळकं लागत नाही.' त्यांचा व्हेप कुठल्या स्वादाचा आहे, हे मी आधी विचारते.

तारेचं स्वतःचंही काही त्यात जातं. कॉइल नायक्रोमची असते, म्हणजे निकेल-क्रोमियमची, किंवा कांथलची, म्हणजे लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमची. ती शेकडो वेळा तापते आणि थंड होते, शिवाय द्रवात बुडालेली असते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ जणांची वापरातली यंत्रं तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. वाफेत शिसं, क्रोमियम, निकेल आणि मँगनीज चिंता वाटण्याजोग्या प्रमाणात होतं, आणि जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसं आरोग्यासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. बाटलीतल्या ज्यूसमध्ये हे धातू फारसे नव्हते. कॉइलशी संबंध आल्यावर ते वाढले.

गळतीची गोष्ट त्यामानाने सोपी. शुद्ध ग्लिसरीन २० अंशांना पाण्याच्या सुमारे १४०० पट दाट असतं. ४० अंशांना तो दाटपणा एक पंचमांशावर येतो. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत उभ्या असलेल्या गाडीत काय तापमान होतं ते सांगायला नको. द्रव पातळ होतो, टाकीतली हवा फुगते आणि द्रवाला वातीतून ढकलते. तो मधल्या नळीत साचला की ओढताना गुडगुड आवाज येतो, आणि तापल्यावर त्याचे थेंब उकळून जिभेवर उडतात. पावसाळ्यात आणखी भर पडते, कारण ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, आणि तापल्या तारेवर पाण्याचा अंश गेला की तडतड होते.

गळती म्हणजे नुसता चिकटपणा असं समजू नये. निकोटिन कातडीतून शोषलं जातं. तंबाखूच्या ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, ते याचमुळे. व्हेपच्या ज्यूसमध्ये निकोटिन एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत असलेलं आढळतं, आणि त्याला आंब्याचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा वास असतो. घरात रांगतं मूल असेल तर हा संयोग फार वाईट. हाताला लागलं तर साबणाने धुवा. मुलाने तोंडात घातलं असा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

रिफिलमध्ये काय असेल याचा नेम नसतो, याचा दाखला अमेरिकेत २०१९ मध्ये मिळाला. फुप्फुसाच्या एका तीव्र विकाराने १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदवले गेले आणि ६८ जण दगावले. गांजातला टीएचसी असलेल्या काडतुसांत द्रव दाट करायला घातलेला व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हा त्यातला मुख्य संशयित ठरला. बहुतेक माल अनौपचारिक मार्गाने आलेला होता. आपल्याकडे तर सगळाच तसा येतो.

दिवा लुकलुकतो पण वाफ नाही, याचा अर्थ एक तर सेल उतरलाय, नाहीतर सर्किटला कॉइलमध्ये शॉर्ट किंवा तुटलेला जोड दिसतोय. ओढल्यावर नळीतला हवेचा दाब किंचित कमी होतो, तळाचा सेन्सर तो ओळखतो आणि करंट सोडतो. तिथे गळलेला ज्यूस साचला तर सेन्सर गप्प होतो. किंवा उलट होतं: कुणी ओढत नसताना तो करंट सोडत राहतो आणि खिशात ठेवलेलं यंत्र आपोआप तापू लागतं.

इथून पुढचा धोका सेलचा आहे, आणि तो व्हेप न ओढणाऱ्यांनाही आहे.

लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे चार्ज करणं थांबवायला वेगळं सर्किट लागतं. फोनमध्ये ते असतंच. चोरवाटेच्या व्हेपमध्ये ते असेलच असं नाही. सेलमधल्या दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. पॉलिथिलीनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. मग पट्ट्या एकमेकींना भिडतात, आतल्या आत शॉर्ट होतं, त्या उष्णतेने पुढची रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती आणखी उष्णता देते. बाहेरून चार्जर काढला तरी ती थांबत नाही. व्हेपचा सेल बहुधा नळकांडं असतो, त्यामुळे दाब टोकाकडून सुटतो आणि तो अक्षरशः उडतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या अशा १९५ घटना गोळा केल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले. ६१ घटनांत यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता. सुट्या सेलच्या टोकांना किल्ल्या किंवा नाणी एकदम टेकली की शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराशी माणसं किती खेटून उभी असतात, ते आठवा.

'फेकायचा' व्हेप संपतो तेव्हा बहुधा ज्यूस संपलेला असतो, सेल नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा व्हेपमधले सेल काढून तपासले, तेव्हा ते ४५० हून अधिक वेळा पुन्हा चार्ज होऊ शकले. आम्ही उघडलेल्या नळीतला ३.६ व्होल्ट दाखवणारा सेल त्याच जातीचा. म्हणून काही मुलं नळी फोडून, उघड्या वायरींना मोबाइलच्या चार्जरच्या तारा जोडतात. चार्जर ५ व्होल्ट देतो, आणि ४.२वर अडवणारं मध्ये काही नसतं. हे कृपा करून कुणी करू नका. मुलांच्या खोलीत असं काही जोडलेलं दिसलं तर सेल गार असतानाच चार्जर बंद करा. तापलेला किंवा फुगलेला असेल तर भिंतीवरच्या बटणाने वीज तोडा आणि हात न लावता लांब व्हा.

जिवंत सेल घंटागाडीत टाकला तर पुढे कचरा दाबणाऱ्या गाडीत तो चिरडला जातो, आणि त्याच्या शेजारी कागद-प्लास्टिक असतं. सफाई कामगार या आगीच्या सगळ्यात जवळ असतात. ओल्या-सुक्या दोन्ही डब्यांत तो नको. न फुगलेल्या सेलच्या उघड्या टोकांना चिकटपट्टी लावा, सबंध नळी कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्या वर्षातून कधीतरी ई-कचरा जमा करतात, तेव्हा सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा की यात लिथियम सेल आहे. नळी फोडून सेल वेगळा काढायच्या फंदात पडू नका.

आणि ज्याच्या दप्तरात ती सापडली त्याला ओरडण्याआधी एवढं लक्षात घ्या की सवय निकोटिनची आहे. व्हेप काढून घेतला की चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात मन न लागणं हे काही दिवस होणारच. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८०० ११ २३५६, आणि तिथले समुपदेशक पुन्हा फोन करून विचारपूसही करतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला निकोटिनचं च्युइंगगम स्वतःच्या मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारून ठरवा.