बोटं मनगटावर, नजर छातीवर

वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा नऊ रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून काढल्या. रात्री दोनच्या सुमाराला सिस्टर यायच्या. "काका, हात द्या बघू," म्हणत त्यांचं मनगट धरायच्या आणि घड्याळ समोर धरून उभ्या राहायच्या. चांगलं मिनिटभर. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला, उशाशी मॉनिटरवर नाडीचा आकडा लुकलुकतोय, मग हाताने नाडी कशाला मोजायची, हे मला कळेना. पाचव्या रात्री विचारलंच. त्या मला दाराशी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाडी कुठे मोजतेय, श्वास मोजतेय. श्वास मोजते म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो."

बोटं मनगटावर, नजर छातीवर. परिचारिकेची जागा यंत्र घेऊ शकेल का, असं विचारलं जातं तेव्हा मला ही युक्ती आठवते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ती अगदी सुरुवातीलाच शिकवतात. तिच्यामागचं शरीरशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. हृदयाचे ठोके आपण ठरवून बदलू शकत नाही. श्वासाचं तसं नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राकडून आपोआप चालतो आणि मनात आलं की आपल्या ताब्यातही येतो. नुसतं लक्ष गेलं तरी त्याची लय बदलते.

आणि नेमका हाच आकडा फार मोलाचा असतो. शरीरात संसर्ग पसरू लागला, रक्तातलं आम्ल वाढू लागलं की मेंदू आधी श्वासाचा वेग वाढवतो, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि ऑक्सिजनची पातळी टिकवून धरतो. त्यामुळे ऑक्सिमीटर निवांत ९६ दाखवत असतो आणि त्याच वेळी मिनिटाला १६ असलेले श्वास २६ वर गेलेले असतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये रुग्णाची तब्येत ढासळतेय का हे ओळखण्यासाठी एक गुणपद्धत आणली. त्यात ९६ ऑक्सिजनला धोक्याचे शून्य गुण आहेत आणि २५ किंवा त्याहून जास्त श्वासांना पूर्ण तीन. मॉनिटरही श्वास मोजतो, नाही असं नाही. छातीवरच्या ईसीजीच्या चकत्यांमधून तो अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडतो आणि छाती फुगली की विजेला होणारा विरोध किती वाढला ते पाहतो. पण रुग्ण खोकला, कुशीवर वळला, बोलायला लागला की हा हिशेब चुकतो.

यंत्रांनी या क्षेत्रात मोठं काम केलंय, ते आधी सांगायला हवं. एकेकाळी सलाईनचे थेंब डोळ्यांनी मोजावे लागत. साध्या सेटमधून २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो, म्हणजे ५०० मिलिलीटरची बाटली आठ तासांत संपवायची तर मिनिटाला साधारण २१ थेंब. रुग्णाने हात वाकवला की पुन्हा पहिल्यापासून. हे काम इन्फ्युजन पंपाने उचललं ते उत्तम झालं. रक्तदाब टिकवणारी औषधं तर पंपाशिवाय द्यायची कल्पनाही नको. पल्स ऑक्सिमीटरमागचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन तांबडा आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर हे शोषण किती बदलतं ते पाहिलं की फक्त धमनीतल्या रक्ताचा हिशेब मिळतो. कोविडच्या काळात आपल्यातल्या कितीतरी घरांत हे चिमट्याएवढं यंत्र आलं. ते आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले.

त्याच वर्षाच्या शेवटी मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त तपासलं, तर गोऱ्या रुग्णांपैकी ३.६ टक्के जणांचा खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली होता आणि कृष्णवर्णीयांपैकी ११.७ टक्के जणांचा. गडद त्वचेतून जाणारा प्रकाश यंत्राला फसवत होता. आपल्या त्वचेचे रंग पाहता ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक वॉर्डात माहीत असायला हवी.

यंत्रांनी एक नवीन कामही आणलं: त्यांच्या हाका ऐकण्याचं. रुग्णालयातल्या यंत्रांचे ७२ ते ९९ टक्के अलार्म खोटे असतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलंय. चकती सुटली, पट्टा सरकला, रुग्णाने पाय हलवला. अतिदक्षता विभागात तासभर थांबलेल्या कुणालाही तो टिंगटिंग आवाज कानात बसल्याचं आठवेल. इतक्या खोट्या हाकांतून खरी हाक कोणती हे ओळखायला शेवटी कुणीतरी उठून खाटेपाशी जावंच लागतं.

तरीही परिचारिकेच्या जागी यंत्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारला जातो, त्याचं कारण उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि ५८ लाखांची कमतरता आहे. जपानमध्ये म्हातारी माणसं वाढली आणि त्यांना उचलणारे हात कमी पडले, तेव्हा रिकेन या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'रोबेअर' नावाचा अस्वलाच्या चेहऱ्याचा यंत्रमानव दाखवला. वजन १४० किलो. तो माणसाला खाटेवरून अलगद उचलून व्हीलचेअरमध्ये बसवू शकत असे. रुग्णालयाच्या रोजच्या कामात मात्र तो रुळला नाही.

उचलणं आणि वळवणं हे नुसतं ताकदीचं काम असतं, तर गोष्ट सोपी होती. खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दोन तासांनी बदलतात, कारण माकडहाड, टाचा, खवाटे यांवर शरीराचा भार पडला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि त्वचा उपाशी राहते. कूस बदलताना सिस्टर पाठ बघतात. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडतात. डाग क्षणभर फिका पडला तर रक्त फिरतंय. तसाच लाल राहिला तर बेडसोअरची सुरुवात झाली. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, मग हाताच्या स्पर्शाने ती जागा गरम लागते का, कडक लागते का ते चाचपावं लागतं. वळवणं आणि बघणं एकाच हालचालीत होतं. हवेची गादी दाब थोडा इकडेतिकडे करते, पण ती पाठ बघत नाही.

इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण निघणारच. अरुणा शानबाग त्याच रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ मध्ये त्यांच्यावर भीषण हल्ला झाला आणि त्यानंतर ४२ वर्षं, २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. निवृत्त होणाऱ्यांनी नव्यांच्या हाती सोपवत नेलेलं काम. अरुणा यांच्या दयामरणासाठी झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला. इतक्या वर्षांत अंगावर एकही बेडसोअर झालेला नाही, हे त्या सुनावणीत न्यायालयासमोर आलं होतं. ज्यांनी घरी खिळलेला रुग्ण सांभाळलाय त्यांना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ, कारण सध्या बोलबाला तिचा आहे. संसर्गाशी लढताना शरीराचाच प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात त्याला सेप्सिस म्हणतात. तो आधीच ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या एपिक या कंपनीचं मॉडेल तिथल्या शेकडो रुग्णालयांत बसवलेलं होतं. मिशिगनमध्ये झालेली त्याची स्वतंत्र तपासणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी ६७ टक्के जण मॉडेलच्या नजरेतून निसटले होते आणि दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर त्याने इशारे वाजवले होते.

दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या सारा रॉसेटी स्वतः परिचारिका आहेत आणि संगणकशास्त्रातही काम करतात. वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकीला एक गोष्ट ठाऊक असते: आकडे बिघडायच्या आधी सिस्टरला काहीतरी खटकतं. आजोबा काल नाश्त्याला कुरकुर करत होते, आज गप्प आहेत. चादर चुरगाळताहेत. चेहऱ्यावर घाम नाही, पण तेज उतरलंय. डॉक्टरांना फोन करून काय सांगणार? रक्तदाब बरोबर आहे, ताप नाही. मग ती काय करते? चार तासांनी घ्यायचा रक्तदाब दोन तासांनीच घेते. मध्यरात्री उठून पुन्हा एकदा नाडी बघते. नोंदीशेजारी एक ओळ जास्त लिहिते. एखादी गोळी 'आत्ता नको' म्हणून थांबवते.

रॉसेटी आणि सहकाऱ्यांनी 'कन्सर्न' नावाची प्रणाली याच वागण्यावर उभी केली. परिचारिका कधी, किती वेळा आणि कसली नोंद करतात, यातून ती त्यांची काळजी ओळखते आणि दर तासाला रुग्णासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवते. सिस्टरच्या मनातली शंका, जी एरवी तिच्यापाशीच राहिली असती, ती सगळ्यांना दिसते. अमेरिकेतल्या दोन रुग्णालय-समूहांच्या ७४ विभागांत, सुमारे ६० हजार दाखल रुग्णांवर या प्रणालीची चाचणी झाली आणि २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या संशोधनपत्रिकेत निष्कर्ष आले. ज्या विभागांत ती वापरात होती तिथे मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी होता आणि रुग्णालयातला मुक्काम ११.२ टक्क्यांनी.

मला हा आकडा वाचून फार आनंद झाला. पण त्याच्या पोटात काय आहे ते नीट बघायला हवं. या यंत्राचं इंधन सिस्टरची जादाची फेरी आहे. नियमात नसलेली, कुणी न सांगितलेली. ती फेरी मारायला तिच्याकडे वेळ उरला पाहिजे. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या गटाने नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांचा, ४ लाख २२ हजारांहून जास्त शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय संशोधनपत्रिकेत मांडला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. कमी होत जाते ती ही जादाची फेरीच, असं मला वाटतं. औषधाच्या वेळा तर कशाही करून पाळल्या जातात.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकट्या सिस्टरच्या वाट्याला तीस-चाळीस खाटा, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, हे सरकारी रुग्णालयात नातेवाईक म्हणून राहिलेल्यांनी पाहिलेलं आहे. औषधं, सुया, सलाईन बदलणं, नवीन दाखल झालेल्यांचे केस पेपर, रजिस्टरं. यातली रजिस्टरं यंत्राने उद्या घ्यावीत, पंप घ्यावेत, औषधाची ट्रॉली आणून द्यावी, रुग्ण उचलायला हात द्यावा. सगळं हवंच आहे. पण ते आलं म्हणून पदं भरायची नाहीत असं ठरलं, तर कन्सर्नसारखी प्रणाली त्या वॉर्डात बसवून तिला दिसणार काय? चाळीस रुग्णांच्या ठरल्या वेळी घाईघाईत केलेल्या, एकसारख्या नोंदी. एकही ओळ जास्त नाही. सगळे हिरवे.

वडिलांचे श्वास सहाव्या रात्री २८ झाले होते. मॉनिटरवर २० दिसत होते. सिस्टरनी पुन्हा एक मिनिट मोजले, मग डॉक्टरांना उठवायला गेल्या.