पक्ष्यांच्या पायात कडी चढवण्याचा परवाना : ठाणे-नवी मुंबईचे अर्ज कोठे अडतात

ऐरोलीच्या खाडीकाठी हिवाळ्यात येणारे धोबी किंवा येऊरच्या झाडीतले वटवटे जाळ्यात धरून, पायात क्रमांकाची कडी चढवून लगेच सोडून दिले, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच ठरते. कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. म्हणून अर्ज कलम १२ खालीच करावा. ‘पक्षिनिरीक्षणास परवानगी मिळावी’ असा मोघम विषय लिहिलेले अर्ज परत येतात, आणि काय चुकले हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचे कार्यालय नागपुरात आहे. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन अशी प्रयोजने कलमात दिलेली आहेत, हौस त्यांत बसत नाही. संस्थेचे पत्र, प्रकल्पाचा आराखडा आणि ओळखपत्र हे नेहमीचे कागद.

बहुतेकांकडे नसतो तो अनुभवाचा दाखला. मिस्ट नेटमधून (पक्ष्यांना सहज न दिसणाऱ्या बारीक धाग्याच्या जाळ्यातून) पक्षी इजा न करता सोडवता येतो, हे सिद्ध करायला आधी कोणाच्या तरी परवान्याखाली काम केलेले असावे लागते. नवख्यांनी एखाद्या परवानाधारक संशोधकाबरोबर एक हंगाम घालवून त्यांचे पत्र घ्यावे. कड्यांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशीही आधीच बोलावे. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी ही संस्था १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर कड्या चढवत आली आहे.

दुसरी चूक अनुसूचीची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्रजातींच्या यादीची. जुना अर्ज समोर ठेवून नक्कल करणारे आजही छोट्या पक्ष्यांपुढे ‘अनुसूची चार’ लिहितात. १ एप्रिल २०२३ पासून सहाऐवजी चारच अनुसूची उरल्या असून, आताची चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींची आहे. पहिल्या अनुसूचीतील प्रजातीसाठी केंद्राची, तर इतरांसाठी राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा प्रत्येक प्रजाती शास्त्रीय नावानिशी नव्या यादीत पडताळावी.

जागेबाबतही नुसते ‘ठाणे खाडी परिसर’ लिहून भागत नाही. फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द २०१५ मध्ये घोषित झाली असून, तिच्या आत जाण्यासाठी कलम २८ ची परवानगी वेगळी घ्यावी लागते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. अक्षांश-रेखांशासह नकाशा जोडावा.

भोरड्या (गुलाबी मैना) पावसाळा सरता सरताच येऊ लागतात, त्यामुळे दिवाळीत केलेला अर्ज त्या हंगामाच्या उपयोगी पडण्याची आशा धरू नये. उन्हाळ्यातच कागद पुढे सरकवावेत. आदेशात लिहिलेली मुदत संपली की जाळेही आवरावे, कारण प्रलंबित मुदतवाढ म्हणजे परवाना नव्हे.

कडी असलेला मृत पक्षी सापडल्यास मात्र कोणताही अर्ज लागत नाही. क्रमांकाचे छायाचित्र, तारीख आणि ठिकाण कडीवर नाव असलेल्या संस्थेला कळवावे. पक्षी घरी नेऊ नये, कारण कायद्याने तो सरकारी मालमत्ता आहे.