पाणकावळा आणि गवताची धावपट्टी

विमान गवतावरून उडतं म्हटलं की लोक विचारतात, "चाकं रुतणार नाहीत?" प्रश्न रास्त आहे, पण विमानाला डांबर लागतंच, हा समज चुकीचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथे पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दोन आसनी 'लाइट स्पोर्ट' विमानं तर फारच हलकी. २००४ च्या अमेरिकी नियमांत माणसं आणि इंधनासकट कमाल ६०० किलो.

तरी गवत चाकं धरून ठेवतंच. मग वेग यायचा कसा? उत्तर पाहायचं तर संध्याकाळी खाडीवर जा. पाणकावळा पाण्याला जवळजवळ पंख टेकवून उडत जातो. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यामुळे टोकाशी हवा खालून वर वळते आणि भोवरे तयार होतात. हे भोवरे पंखाजवळची हवा खाली ढकलतात. परिणामी, उचलणारं बल सरळ वर न राहता किंचित मागे कलतं. हा मागे ओढणारा हिस्सा म्हणजे प्रेरित रोध. पंखाखाली लगेच जमीन किंवा पाणी असलं की हवेला खाली जायला जागा उरत नाही आणि रोध घटतो. पंखविस्ताराच्या एक-दशांश उंचीवर तो जवळपास निम्मा होतो. एका पंखविस्ताराइतक्या उंचीवर फरक जेमतेम दीड टक्का.

वैमानिक हेच वापरतो. सुरुवातीपासून नाक वर-खाली करणारी दांडी मागे ओढून तो नाकाचं चाक हलकं करतो. पंख भार उचलू लागले की विमान कमी वेगातच गवत सोडतं. पण तेव्हा ते वर चढण्याजोगं नसतं! लगेच नाक उचललं तर उंचीबरोबर रोध वाढतो आणि विमान परत खाली बसतं. म्हणून नाक थोडं खाली घेऊन, हात-दोन हातांवर तरंगत वेग साठवायचा, मग चढायचं. मला हा सगळ्यात सुंदर क्षण वाटतो.

अंतर मात्र मोजूनच ठरवावं. ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शिकेनुसार १५ मीटर उंची गाठेपर्यंतचं अंतर कोरड्या गवतावर २० टक्के आणि ओल्यावर ३० टक्के वाढतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आणखी १०. म्हणजे १५ अंशांना डांबरावर ३०० मीटर लागत असतील, तर दसऱ्यानंतरच्या ३३ अंशांत पिवळ्या गवतावर सव्वाचारशे धरावेत.

उतरताना ओलं गवत जास्त वाईट, कारण ब्रेक लागत नाहीत. नव्या वाहनाला लिंबू-मिरची बांधतात; त्याने घर्षण वाढत नाही. पट्टी पायी चालून पाहावी. जांभ्याच्या सड्यावर माती पातळ असते आणि श्रावणातल्या गुडघाभर गवतात कातळातला खळगा दिसत नाही. टाच दाबल्यावर पाणी वर आलं, तर त्या दिवशी विमान हँगरमध्येच ठेवावं.