लीग ऑफ आयर्लंड : प्रेक्षकांची ओहोटी

आयर्लंड प्रजासत्ताकातील देशांतर्गत फुटबॉल सामन्यांची गर्दी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून घटू लागली आणि १९८० च्या दशकात काही सामन्यांचे प्रेक्षक शेकड्यांत मोजावे लागले. युरोपात इतरत्रही छोट्या लीगांचे प्रेक्षक घटले, पण आयर्लंडची गोष्ट वेगळी आहे. याच काळात त्या देशातले फुटबॉलचे वेड वाढत होते. घराघरात मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि ग्लासगोचा सेल्टिक यांचे रंग पोहोचत होते, राष्ट्रीय संघाच्या सामन्यांना तिकीट मिळत नव्हते, आणि गल्लीच्या टोकाला असलेले क्लबचे मैदान मात्र ओस पडत होते. तेव्हा ही कहाणी खेळ सोडून गेलेल्या प्रेक्षकांची नाही. खेळ तोच धरून दुसरीकडे गेलेल्या प्रेक्षकांची आहे.

लीगची स्थापना १९२१ साली, तोवर सगळ्या बेटावरचे फुटबॉल चालवणाऱ्या बेलफास्टच्या संघटनेशी फारकत घेऊन झाली. पहिल्या हंगामातले आठही संघ डब्लिनचेच होते. गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्याचा सेंट जेम्सेस गेट हा संघ पहिला विजेता ठरला, तर जेकब्स हा बिस्किट कारखान्याचा संघ होता. क्लब म्हणजे कामाची जागा किंवा राहण्याची वस्ती, असे हे सरळ नाते होते. शॅमरॉक रोव्हर्स गोदीकाठच्या रिंग्जएंडचे, बोहेमियन्स फिब्सबरोचे. पुढे कॉर्क, वॉटरफर्ड, स्लायगो, डंडॉक अशी गावे लीगमध्ये आली आणि तिथेही हेच नाते रुजले.

सामने रविवारी दुपारी होत. इंग्लंडमधले सामने शनिवारी, घरचे रविवारी, त्यामुळे दोहोंचा एकमेकांना अडथळा नव्हता. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, घरी दुपारचे जेवण आणि मग सायकलने किंवा पायी मैदानाकडे, हा कामगारवस्तीतल्या पुरुषांचा आठवड्याचा ठरलेला क्रम होता. बाप मुलाला घेऊन जाई, तो मुलगा पुढे आपल्या मुलाला. १९४५ मध्ये शॅमरॉक रोव्हर्स आणि बोहेमियन्स यांच्यातला राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर झाला, तेव्हा प्रेक्षकसंख्या ४० हजारांच्या घरात होती. १९५७ च्या मे महिन्यात त्याच मैदानावर इंग्लंडविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना सुमारे ४७,६०० जणांनी पाहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात मँचेस्टर युनायटेड युरोपियन कपसाठी आले आणि रोव्हर्सचा ६–० असा पराभव झाला, तरी मैदान गच्च होते. त्या दिवशी युनायटेडकडून गोल करणाऱ्यांमध्ये डब्लिनचाच लिअम व्हेलन होता. पाच महिन्यांनी म्यूनिकच्या विमान अपघातात तो गेला. आपला मुलगा परक्या रंगात खेळताना पाहण्यातला अभिमान आणि घरच्या संघाची वाताहत, दोन्ही एकाच दिवशी एकाच मैदानावर दिसले. पुढच्या तीस वर्षांत जे घडायचे होते त्याची चुणूक त्या सामन्यात होती.

जुने आकडे वाचताना थोडे सांभाळावे लागते. ते बहुतेक वेळा वर्तमानपत्रांच्या अंदाजांवरून आणि तिकिटांच्या गल्ल्यावरून आलेले आहेत. १९५० च्या दशकातली नेहमीची गर्दीही आठवणींमध्ये थोडी फुगते, आणि साध्या पावसाळी रविवारी तेव्हाही स्टँड अर्धे रिकामे राहत. तरीही उतरण खरी होती, आणि ती क्लबांच्या तिजोरीत सर्वांत आधी जाणवली.

ओहोटीची कारणे विचारली की पहिले बोट टीव्हीकडे जाते. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर छपरावर उंच अँटेना लावला की ब्रिटिश वाहिन्या दिसत. आयर्लंडची स्वतःची दूरचित्रवाणी १९६१ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली; बीबीसीचा 'मॅच ऑफ द डे' १९६४ मध्ये. शनिवारी रात्री जगातल्या उत्तम खेळाडूंना पाहिलेला माणूस रविवारी चिखलात चाललेला अर्धव्यावसायिक सामना पाहायला जाताना मनात तुलना करू लागला. त्यातच १९६१ मध्ये इंग्लंडमधली आठवड्याला २० पौंडांची वेतनमर्यादा उठली. तोवर नोकरी सांभाळून घरीच खेळणाऱ्या आयरिश खेळाडूची एकूण कमाई इंग्लंडमधल्या व्यावसायिकाच्या फार मागे नसे. मर्यादा गेल्यावर हे अंतर कधीच भरून निघाले नाही, आणि चांगला मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बोटीत बसू लागला.

बोटीत केवळ खेळाडू बसत नव्हते. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली, आणि त्यात मैदानावर उभे राहणारे तरुण मोठ्या संख्येने होते. जे राहिले त्यांचीही घरे हलली. डब्लिनच्या मधल्या वस्तीतल्या जुन्या चाळवजा इमारती रिकाम्या करून कुटुंबांना क्रमलिन, बॅलीफर्मट, फिंगलस, पुढे बॅलीमन आणि टॅला इथल्या नव्या वसाहतींत पाठवले गेले. मैदाने जुन्याच जागी राहिली. चालत जाण्याचे अंतर दोन बस बदलण्याइतके झाले, आणि बापाकडून मुलाकडे जाणारी सवय तिथे तुटली.

मोठे क्लब कसे नाहीसे झाले याचे ठळक उदाहरण ड्रमकॉन्ड्राचे. टोल्का पार्कवर खेळणारा हा संघ १९५८, १९६१ आणि १९६५ मध्ये लीग जिंकला. १९६२ मध्ये युरोपीय स्पर्धेत या संघाने घरच्या मैदानावर बायर्न म्यूनिकला १–० ने हरवले (म्यूनिकमधल्या पहिल्या सामन्यातली फरफट वेगळी). त्यानंतर दहा वर्षांत, १९७२ मध्ये, क्लब दुसऱ्या संघात विलीन झाला आणि लवकरच ड्रमकॉन्ड्रा हे नाव लीगमधून पुसले गेले. कॉर्कमधले हायबर्नियन्स आणि सेल्टिक हे दोन्ही क्लब त्याच दशकाच्या उत्तरार्धात गेले.

गर्दी परत आणण्यासाठी सत्तरच्या दशकात क्लबांनी उतारवयाकडे झुकलेले नामवंत आणले. जॉर्ज बेस्ट १९७५–७६ मध्ये कॉर्क सेल्टिककडून तीन सामने खेळला, बॉबी चार्लटन वॉटरफर्डकडून, गॉर्डन बँक्स सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिककडून. माणसे येत, नामवंताला पाहत आणि पुढच्या आठवड्यात घरी राहत. जॉनी जाइल्सचा प्रयत्न अधिक खोलातला होता. इंग्लंडच्या लीड्स क्लबचा हा माजी खेळाडू १९७७ मध्ये शॅमरॉक रोव्हर्सचा खेळाडू-व्यवस्थापक झाला. पूर्णवेळ व्यावसायिक क्लब उभारायचा आणि तरुणांना घरीच घडवायचे, हे त्याचे स्वप्न होते. १९७८ चा चषक मिळाला, पण तो बेत तडीस गेला नाही.

याच रोव्हर्सची पुढची कथा सविस्तर सांगायला हवी, कारण ओहोटीचा सर्वांत मोठा घाव तिथे बसला. १९२६ पासून क्लब मिलटाउनच्या ग्लेनमॅल्यूर पार्कवर खेळत होता. १९७२ मध्ये क्लब किलकॉइन कुटुंबाने घेतला. संघ उत्तम होता. १९८४ ते १९८७ अशी सलग चार वर्षे त्याने लीग जिंकली. मात्र विजेत्या संघाचेही स्टँड भरत नव्हते, आणि ती जमीन घरबांधणीसाठी फार मोलाची झाली होती. १२ एप्रिल १९८७ रोजी स्लायगो रोव्हर्सविरुद्धचा चषकाचा उपांत्य सामना मिलटाउनवरचा शेवटचा ठरला. प्रेक्षक निषेध करत मैदानात उतरले. 'रोव्हर्स मिलटाउनवरच राहू द्या' असे म्हणत त्यांनी चळवळ उभी केली, पैसे गोळा केले, पण जमीन अखेर बांधकाम व्यावसायिकाकडे गेली. आज तिथे घरे आहेत आणि रस्त्याकडेला एक स्मारक आहे.

त्यानंतरचा हंगाम टोल्का पार्कवर खेळला गेला. चाहत्यांनी त्यावर बहिष्कार घातला. आयुष्यभर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेली माणसे आपल्याच संघाच्या सामन्याबाहेर, फाटकाशी, आत जाऊ नका असे येणाऱ्यांना सांगत उभी राहिली. गर्दी पडली ती टीव्हीमुळे, असे म्हणणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. या माणसांना फुटबॉल हवे होते आणि क्लबही हवा होता. त्यांची जागा विकली गेली होती. पुढची बावीस वर्षे क्लब भाड्याच्या मैदानांवर फिरला आणि त्यात एक पिढी निघून गेली.

जागेचे हेच महत्त्व डेरीमध्ये उलट्या बाजूने दिसते. डेरी सिटी उत्तर आयर्लंडच्या लीगमध्ये खेळत असे. १९७१ मध्ये ब्रँडीवेल मैदानाजवळ पाहुण्या संघाची बस जाळली गेली, तिथे खेळायला मनाई झाली आणि घरचे सामने सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोलरेनला घ्यावे लागले. तिथवर चाहते जाईनात. १९७२ मध्ये क्लबने लीग सोडली. तेरा वर्षे ज्येष्ठ पातळीवरचे फुटबॉल नसलेल्या या शहराला १९८५ मध्ये सीमेपलीकडच्या लीग ऑफ आयर्लंडने सामावून घेतले, आणि ब्रँडीवेलवर हजारोंनी माणसे लोटली. शहरात संघर्ष पेटलेला असताना मैदानाचा बंदोबस्त क्लबचे स्वयंसेवक पाहत. १९८९ मध्ये या संघाने लीग आणि दोन्ही चषक एकाच हंगामात जिंकले. इतरत्र स्टँड रिकामे असतानाची ही गर्दी होती. (उत्तरेकडच्या लीगलाही स्वतःची ओहोटी लागली. तिचा मोठा क्लब बेलफास्ट सेल्टिक १९४८ च्या नाताळातल्या हिंसाचारानंतर १९४९ मध्ये कायमचा बाहेर पडला आणि त्याचे प्रेक्षक दुसऱ्या कुठल्याच संघाकडे वळले नाहीत.)

गेलिक फुटबॉल, हर्लिंग अशा देशी, म्हणजे गेलिक, खेळांच्या संघटनेने प्रेक्षक पळवले, असाही समज आहे. या संघटनेच्या सदस्यांना 'परकी' खेळ खेळायला व पाहायला १९७१ पर्यंत बंदी होती. १९३८ मध्ये पोलंडविरुद्धचा फुटबॉल सामना पाहिला म्हणून देशाचे राष्ट्रपती डग्लस हाइड यांचे आश्रयदातेपद तिने काढून घेतले होते. पण हे प्रेक्षक बहुतांशी आधीपासूनच वेगळे होते. गेलिक खेळांपासून शिकण्यासारखे दुसरेच आहे. तिथला क्लब गावाचा असतो, मैदान गावाचे असते आणि ते एखाद्या मालकाला विकता येत नाही. आपल्या गावावरची निष्ठा आयर्लंडमध्ये कधीच आटली नाही. फुटबॉलने तिला राहायला जागा ठेवली नाही.

१९८५ च्या फेब्रुवारीत विश्वविजेता इटली डॅलीमाउंटवर मैत्रीपूर्ण सामन्यासाठी आला, तेव्हा मैदान इतके ओसंडले की प्रेक्षक सीमारेषेला टेकून बसले. मोठी दुर्घटना थोडक्यात टळली, आणि मोठे आंतरराष्ट्रीय सामने डब्लिनच्याच लॅन्सडाउन रोड स्टेडियमला गेले. त्यासोबत डॅलीमाउंटचे उत्पन्नही गेले. पुढे जॅक चार्लटन व्यवस्थापक असलेल्या राष्ट्रीय संघाने १९८८ ची युरो, १९९० आणि १९९४ चे विश्वचषक गाठले. १९९० मध्ये इटलीतल्या विश्वचषकाहून परतलेल्या संघाच्या स्वागताला डब्लिनच्या रस्त्यांवर लाखो लोक आले. त्या संघातले बहुतेक खेळाडू मात्र इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये खेळणारे होते, त्यामुळे त्या लाटेचे पाणी लीगपर्यंत आले नाही. उलट १९९२ नंतर प्रीमियर लीगचे सामने रविवारी दुपारीही थेट दिसू लागले आणि शनिवार-रविवारची जुनी वाटणी संपली. स्वस्त विमानसेवेमुळे लिव्हरपूलला जाऊन येणेही सोपे झाले. पबमध्ये बसून इंग्लिश क्लबला 'आम्ही' म्हणणाऱ्याला लीगचे चाहते 'बारस्टूलर' म्हणतात. या शब्दात राग आहे, आणि त्याखाली शेजारी सोडून गेल्याचे दुःख आहे. लीगमधले गुणी खेळाडूही फार थोड्या पैशांत जात राहिले. रॉय कीनला १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने कोव्ह रॅम्बलर्सकडून ४७ हजार पौंडांत घेतले; शेमस कोलमन २००९ मध्ये स्लायगोहून एव्हर्टनला ६० हजार पौंडांत गेला.

लीगने सामने शुक्रवारी रात्री हलवले आणि २००३ पासून हंगाम उन्हाळ्यात घेतला. निर्णय चांगला होता, पण त्याच दशकात सुबत्तेच्या भरात क्लबांनी न झेपणारे पगार दिले. शेल्बर्न २००६ मध्ये लीग जिंकला आणि पैशांच्या गोंधळापायी पुढचा हंगाम खालच्या विभागात खेळला. कॉर्क सिटीची कंपनी २०१० मध्ये बुडाली, स्पोर्टिंग फिंगल २०११ मध्ये बंद पडला. ज्या क्लबांना चाहत्यांनी स्वतः हाती घेतले, ते तगले.

ओहोटी उलटण्याची सुरुवात १३ मार्च २००९ ला धरता येईल. टॅलामध्ये दक्षिण डब्लिन परगण्याच्या परिषदेच्या मालकीचे स्टेडियम, बरीच वर्षे रखडून आणि न्यायालयातून जाऊन, उघडले. शॅमरॉक रोव्हर्स बावीस वर्षांनी पुन्हा 'घरच्या' मैदानावर उतरले, आणि समोर तोच स्लायगो रोव्हर्स होता. यजमानांनी २–१ ने सामना जिंकला. जुन्या वस्तीतून उठवलेली कुटुंबे ज्या उपनगरात गेली होती, तिथेच क्लब पोहोचला. २०११ मध्ये हाच संघ युरोपा लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला आयरिश क्लब ठरला.

करोनाच्या टाळेबंदीनंतर वाढीचा वेग बदलला. ब्रेक्झिटमुळे २०२१ पासून इंग्लिश क्लबांना अठरा वर्षांखालील आयरिश मुले घेता येत नाहीत, त्यामुळे ती मुले दोन-तीन वर्षे घरच्या मैदानावर दिसू लागली. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू डेमियन डफ व्यवस्थापक असलेल्या शेल्बर्नने २०२४ ची लीग हंगामाच्या शेवटच्या दिवशी डेरीत जिंकली. १२ नोव्हेंबर २०२३ ला डब्लिनच्या अविवा स्टेडियमवरचा बोहेमियन्स–सेंट पॅट्रिक्स हा चषकाचा अंतिम सामना ४३,८८१ जणांनी पाहिला आणि या स्पर्धेच्या गर्दीचा नवा विक्रम झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच जागी बोहेमियन्स आणि रोव्हर्स यांच्यातल्या साध्या लीग सामन्याला ३३ हजारांवर प्रेक्षक होते.

बोहेमियन्स क्लब १८९० पासून सदस्यांच्याच मालकीचा आहे, आणि मोडकळीला आलेले डॅलीमाउंट २०१५ मध्ये डब्लिन महानगर परिषदेने ३८ लाख युरोंना विकत घेतले. तिथे नवे स्टेडियम व्हायचे आहे. ज्या मैदानात एकेकाळी ४७ हजार माणसे मावली, तिथे सुरक्षेच्या नियमांमुळे आता पाच हजारांनाही आत घेता येत नाही, आणि शुक्रवारच्या सामन्याची तिकिटे बहुतेक वेळा आधीच संपलेली असतात.