झरीचं पाणी आणि खंदकाचं पाणी

आत्याचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, गोव्याच्या डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणीच्या खालच्या अंगाला. एप्रिलातही तिथला व्हाळ, म्हणजे ओढा, घोटाभर वाहायचा. खाणीवरचा साहेब म्हणाला, "पाणी तर आहे, मग तक्रार कसली?" आत्या म्हणाली, "रविवारी येऊन बघा." रविवारी खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद असत. दुपारपर्यंत पाटातले गोटे उघडे पडत.

व्हाळात पाणी दिसणं वेगळं आणि झर जिवंत असणं वेगळं. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबर. जांभ्यात मुरलेलं पाणी पुढे सावकाश पाझरतं, त्यावर सुपारी आणि वायंगणाचं (पावसाळ्यानंतरचं) भात जगतं. झरीला रविवार नसतो.

खंदकाचं, म्हणजे खाणीच्या खड्ड्याचं, पाणी मात्र पंपाच्या हुकुमावर. इथलं बरंचसं लोहखनिज भुकटीसारखं, आणि त्या भुकटीत पाणी साठलेलं असतं. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की खनिज काढण्याआधी पाणी उपसावं लागतं. तेच व्हाळात सोडतात. गाळ बसवून सोडलं तर काचेसारखं नितळ दिसतं, तेव्हा रंगावर जाऊ नका. मेख अशी की हे पाणी पुष्कळदा आपल्याच झरी-विहिरींचं, खंदकाकडे ओढलेलं. वर घेतलं आणि खाली सोडलं. मध्ये ज्याचा पाट, तो कोरडा!

आणि खाण थांबली की? 16 मार्च 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी काही वर्षं बंद राहिल्या. अशा वेळी उपसा थांबतो, पण झर लगेच परतत नाही. खंदक भरेपर्यंत भोवतालचं भूजल आधी त्यातच उतरत राहतं. म्हणजे व्हाळाचं उसनं पाणी जातं आणि स्वतःचंही नसतं.

हक्काचा घोळही इथेच आहे. गोव्यात भूजल नियमनाचा कायदा 2002 चा आहे. पण उपशाला मिळालेली परवानगी म्हणजे कुळागरवाल्याच्या पाळीचं पाणी घेण्याची मुभा नव्हे. माझ्या मते परवानगीच्या अटींतच लिहून घ्यावं: खाण सुरू होण्याआधी फेब्रुवारी ते मे व्हाळाचा प्रवाह किती होता, भरपाईचं पाणी पाटाच्या वर कुठे सोडायचं, आणि खाण बंद झाल्यावर ते किती वर्षं द्यायचं. प्रवाह मोजायला व्हाळात व्ही आकाराच्या खाचेची फळी बसवली की पुरे. मोजणी मात्र रविवारी ठेवा.