रिसीव्हरविरहित आपत्कालीन दूरध्वनी

सार्वजनिक जागी भिंतीवर वा खांबावर बसवलेला, एकच बटन दाबून ठरावीक नियंत्रण कक्षाशी बोलता येणारा दूरध्वनी. यात आवाज इंटरनेट प्रोटोकॉलच्या जाळ्यावरून जातो. कानाला रिसीव्हर न लावता बोलता येत असल्याने इंग्रजीत याला ‘हँड्सफ्री’ म्हणतात. त्याला ‘मुक्तहस्त’ म्हणावे, तर मराठीत सढळ हाताचा अर्थ निघतो. म्हणून येथे वरील शीर्षक घेतले आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्तोरस्ती पोलिसांच्या दूरध्वनी पेट्या होत्या व या उपकरणाचे मूळ तेथे शोधता येते. पण खरी अडचण स्पीकर आणि मायक्रोफोन एकाच डब्यात आल्यावर उभी राहते : स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून पलीकडच्याला स्वतःचेच बोलणे ऐकू येते. म्हणून प्रतिध्वनी-निरसनापासून, म्हणजे असा परतणारा आवाज पुसून टाकण्याच्या तंत्रापासून, वंशावळ लावणे अधिक सयुक्तिक वाटते. हे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, लांब पल्ल्याच्या दूरध्वनी मार्गांसाठी आकाराला आले. तेथील संशोधक मनमोहन सोंधी यांचा त्यावरचा निबंध १९६७ चा. अमेरिकी पेटंट क्र. ३४,९९,९९९ सोंधींचे, तर लगतचे ३५,००,००० त्याच प्रयोगशाळेतील जॉन केली व बेंजामिन लोगन यांचे. दोन्ही १९७० मध्ये मिळाली. केली १९६५ मध्येच वारले होते. मूळ कल्पना केलींची व तिची गणिती मांडणी सोंधींची, असे मानणे सुरक्षित. सोंधींनीही पुढे केलींना श्रेय दिले आहे.

कॉल जोडण्या-तोडण्याचे काम सामान्यतः ‘एसआयपी’ हा प्रोटोकॉल करतो (१९९९, सुधारित २००२). २००३ च्या मानकामुळे वीज आणि संभाषण एकाच नेटवर्क केबलमधून नेता येऊ लागले : स्विचकडून (केबली एकत्र जोडणाऱ्या यंत्राकडून) १५.४ वॉटपर्यंत, केबल १०० मीटरपर्यंत. ग्रामपंचायत कार्यालयापासून एसटी थांबा त्याहून लांब असला, तर फायबर किंवा रेडिओ दुवा लागतो.

ग्रामीण विदर्भात या दूरध्वनीला आधार ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेचा (मंजुरी २०११). मेळघाटात मोबाइलची रेंज नसलेली गावे असल्याने तेथे उपयोग अधिक. मात्र जाळ्यापेक्षा वीज आधी दगा देते. भारनियमनात पंचायतीतले फायबरचे यंत्र बंद पडले, की खांबावरचा दूरध्वनीही मुका; सौर पॅनेल आणि बॅटरी खांबाला देऊन भागत नाही, त्या यंत्रालाही द्यावी लागते. चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीपार गेला, की उन्हातल्या धातूच्या बटनाला बोट लावता येत नाही. छपराची सावली किंवा प्लास्टिकचे बटन बरे. शेजारी कूलर घरघरत असेल तर निरसन यंत्रणाही चाचपडते. मुरमाड जमिनीत मे महिन्यात अर्थिंग सुकते. खड्ड्यात पाणी ओतले नाही, तर पहिल्याच वळवाच्या विजेत सर्किट जळण्याची भीती असते. कुंभारीण माश्या मायक्रोफोनच्या छिद्रात मातीचे घर करतात, त्यामुळे बारीक जाळी हवी.

महाराष्ट्रात ११२ या आपत्कालीन क्रमांकाची यंत्रणा २०२१ पासून आहे. तिची केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे. भारतात इंटरनेटवरून आलेला कॉल साध्या दूरध्वनी जाळ्यात परवानाधारक कंपनीमार्फतच सोडता येतो (२०१८ नंतर अटी सैल), म्हणून डबा थेट ११२ ला न जोडता स्थानिक कक्षाला जोडणे सोयीचे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीच्या पुरात रस्ताच तुटतो. तेथे कक्षही नदीच्या, डबा असलेल्याच काठावर असावा लागतो.

कॉलसोबत जागा आपोआप जात नाही, जातो तो डब्याचा अंतर्गत क्रमांक. समजा, कक्षातल्या यादीत २१४ या क्रमांकासमोर ‘बाजार ओटा’ लिहिलेले असते. तोच डबा पुढे शाळेच्या भिंतीवर हलवला आणि यादी तशीच राहिली, तर रुग्णवाहिका बाजार ओट्यावर जाऊन उभी राहते.